साळुंकीची लख्ख ढोली

गायरानात अजून जांभळाची झाडं उभी होती, तेव्हाची ही गोष्ट. एका ढोलीत साळुंकी आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहायची. जोडीदार वादळात गेलेला. दिवसभर ती म्हशींच्या पाठीवरचे गोचीड वेचायची. त्यावरच तिघांचं पोट भरायचं.

दिवस मावळताना घरी आली की ती पिल्लांना घास भरवायची आणि लगेच म्हणायची, "सरका बाजूला, केवढा हा केर!" मग एकेक काडी, एकेक पीस उचलून बाहेर टाकायची. तिच्या आईच्या ढोलीत म्हणे शोधूनही पीस सापडत नसे. पण हिची ढोली बघायला येणार होतं कोण? आजवर कुणी डोकावलंही नव्हतं. पिल्लं दिवसभराच्या गोष्टी सांगायला ताटकळायची आणि आईचं आवरेपर्यंत झोपून जायची. मग त्या लख्ख ढोलीत ती एकटीच जागी उरायची.

एका संध्याकाळी ती परतली, तर ढोलीत केर नव्हता. अंगाखालचं मऊ गवतही नव्हतं. पिल्लं उघड्या लाकडावर कुडकुडत बसली होती.

"गवत कुठं गेलं रे?"

"आम्हीच टाकलं," थोरलं म्हणालं. "आता झाडायला काहीच नाही, आई. आज तरी आमच्याशी बोलशील?"

साळुंकीने दोघांना पंखांखाली ओढून घेतलं. वाऱ्याबरोबर एक वाळकं पान आत आलं आणि तिच्या पायाशी पडलं.

ते तिथेच राहिलं.