वाडगाभर पाण्याची परीक्षा

फार पूर्वी कुसुंभनगरीत राजा कीर्तिबलाचे राज्य चालू असताना (ते राजामुळे चालू होते की राजा असूनही, याविषयी नगरात दोन मते होती) बोधिसत्त्वांनी पशुवैद्याच्या कुळात जन्म घेतला होता. पूर्व वेशीबाहेर राजाने एक धर्मार्थ पशुशाळा बांधली होती. तिथे ते लंगडे बैल, कान कुजलेली गाढवे, पंख मोडलेले बगळे आणि धनी कंटाळलेली कुत्री यांच्यावर उपचार करीत. उपचारांचे मोल नसे; त्यामुळे जे जनावर घरी मरू देणे लोकांना बरे दिसत नसे, ते इथे आणून सोडले जाई. दारावरच्या शिळेवर राजाने कोरून घेतले होते : ‘येथे आलेल्या प्राण्यास अभय.’

ही शिळा रोज पुसण्याचे काम धृतिसेन नावाच्या सेवकाकडे होते. उपचार चालू असताना जनावराचे डोके धरून ठेवणे हे त्याचे दुसरे काम. आईबापांनी धैर्याचे म्हणून नाव धृतिसेन ठेवले, कारण बारशाच्या दिवशी मूल कसे निघेल हे कळत नाही. तो बैलाच्या शिंगाला भीत असे, गाढवाच्या लाथेला भीत असे आणि बगळ्याच्या डोळ्यालाही. डोके मात्र घट्ट धरी, कारण सोडले तर काय होईल याची भीती त्याहून मोठी होती. शिळा पुसताना त्याच्या मनात येई, प्राण्याला अभय दिले ते ठीकच. प्राणी धरणाऱ्याचे काय, ते कोरायचे राहून गेले.

त्या वर्षी मार्गशीर्षात वेशीजवळचा एक तेली पिसाळलेले कुत्रे चावून मेला. शेवटचे दोन दिवस त्याला तहान लागे, आणि पाण्याचा तांब्या पुढे येताच त्याचा घसा आवळून तो किंचाळे. ते किंचाळणे दोन आळ्यांनी ऐकले. उरलेल्या नगराने न ऐकताच त्याची नक्कल करून दाखवायला सुरुवात केली. राजसभा बसली. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते, एवढे एका मंत्र्याला ठाऊक होते आणि तेवढ्यावर निर्णय झाला. प्रत्येक कुत्र्यापुढे पाण्याचे वाडगे ठेवावे. जे पिणार नाही ते पिसाळलेले समजून मारावे. नगररक्षक उग्रक वाडगी आणि दंडुकेवाले घेऊन आळीआळीतून फिरू लागला. दिवस कडाक्याच्या थंडीचे. सकाळच्या प्रहरी कोणत्या कुत्र्याला तहान लागणार? तीन दिवसांत साठ कुत्री नापास झाली. परीक्षेलाच दोष देण्याची पद्धत त्या काळीही नव्हती.

चौथ्या दिवशी कुवला नावाची कुंभारीण आपला पांढरा कुत्रा कापशा पाटीत घालून धापा टाकत आली. कुत्र्याचा जबडा उघडा पडला होता, लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि आवाज घोगरा झाला होता. धृतिसेन दोन पावले मागे सरला.

“चावत नाही हो तो,” कुवला म्हणाली. “आजवर माझ्या मडक्यालासुद्धा दात लावलेला नाही.”

बोधिसत्त्वांनी पाणी दाखवायला सांगितले. पशुशाळेचा शिरस्ता असा होता की पाणी दाखवायचे, पाजायचे नाही. वाडगे ठेवायचे आणि दोन हात मागे सरायचे. पण त्याच वेळी वेशीकडून उग्रकाच्या लोकांची ओरड ऐकू आली आणि धृतिसेनाची घाई झाली. हा एकदा प्यायला की आपण सुटलो, असे वाटून त्याने कापशाचे तोंड वाडग्यात दाबले. कुत्रा विव्हळून मागे उसळला. त्याचा दात धृतिसेनाच्या मनगटावरून फिरला आणि रक्ताची बारीक रेघ उमटली.

ती रेघ पाहून धृतिसेनाला तेली आठवला, आणि मग दुसरे काहीच आठवेना. बोधिसत्त्वांनी जखम वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतली, तापल्या तुपाने डागली. तो ओरडलासुद्धा नाही. उग्रक दारात उभा राहिला तेव्हा सगळ्यांच्या आधी धृतिसेनच म्हणाला, “मारा त्याला.”

दंडुका उचलला गेला. बोधिसत्त्व कुत्र्याच्या आणि दंडुक्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

“धृतिसेना,” ते म्हणाले, “पिसाळलेले कुत्रे दहा दिवसांच्या वर जगत नाही. हा जगला तर तूही जगलास. आज याला मारले, तर तुझे पुढे काय होणार हे मग विचारायचे कोणाला?”

धृतिसेनाला हा विचार सुचलाच नव्हता. ज्याच्या मरणाची तो वाट पाहत होता, त्याच्या जगण्यावर आता त्याचे स्वतःचे जगणे टांगलेले होते. तो जाऊन बोधिसत्त्वांच्या शेजारी उभा राहिला. निदान भिंतीला टेकण्यासाठी ती जागा सोयीची होती.

उग्रक समंजस माणूस होता, म्हणजे आज्ञेबाहेर तो स्वतः काही समजून घेत नसे. त्याने शिळा वाचली, आज्ञा आठवली, आणि दोन्हींवर राजाचीच मुद्रा असल्यामुळे अडचणीत पडला. “वैद्यबुवा,” तो शेवटी म्हणाला, “या दारच्या औदुंबराची सावली पायरीला लागेपर्यंत थांबतो. तोवर प्यायला तर कुत्रा तुमचा.”

सावली पायरीपासून वीतभर दूर होती.

बोधिसत्त्व उकिडवे बसून कुत्र्याकडे पाहत राहिले. कापशा वाडग्याजवळ आपणहून येई, मान खाली घाली, जीभ पुढे काढी, आणि मग कळवळून मागे हटे. मागे हटल्यावर तो पंजाने गाल खाजवी. पुन्हा पुढे येई.

“याला पाणी हवे आहे,” बोधिसत्त्व म्हणाले. “तोंडात काहीतरी अडकले असावे.”

“असावे?” धृतिसेनाने विचारले.

“असावे. खात्री हात घातल्यावर होईल.”

हात घालायचा म्हणजे त्या लाळेत, त्या दातांमध्ये. अंदाज चुकला तर त्या रोगावर औषध नव्हते. हे त्या पशुशाळेत सगळ्यांत चांगले ज्याला ठाऊक होते तोच बाही वर सारत होता. धृतिसेनाने पाहिले, त्या बाहीवरची बोटे थरथरत होती. त्याला वाटले होते की वैद्यराजांना भीती वाटत नाही. ती वाटते हे कळल्यावर त्याची स्वतःची दुप्पट झाली.

“डोके धरशील?” बोधिसत्त्वांनी विचारले. “नको म्हणालास तरी चालेल. कुवलेला सांगतो.”

धृतिसेनाने कुवलेकडे पाहिले. ती पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने कापशाचे डोके रोजच्यासारखे छातीशी आवळले. लाळ ऊन होती. कानाशी कुत्र्याचा श्वास खरखरत होता. बोधिसत्त्वांनी दाढांमध्ये लाकडाची खुंटी बसवली आणि हात आत घातला. धृतिसेनाने डोळे मिटले. खुंटी करकरली, एकदा, पुन्हा एकदा. नंतर कट् असा आवाज झाला आणि त्याला वाटले, ते बोट असेल.

डोळे उघडले तेव्हा बोधिसत्त्वांच्या तळहातावर बोटभर लांबीचे हाड होते. टाळूला आडवे, दोन्हीकडच्या दाढांमध्ये ते पाचरीसारखे बसले होते. त्यांच्या बोटाच्या पेरावर एक ताजा ओरखडा होता. कापशाने जबडा दोनदा मिटून पाहिला, वाडग्याकडे गेला आणि तळ दिसेपर्यंत पाणी प्यायला. सावली पायरीला लागली.

उग्रकाने वाडगे उलटे करून पाहिले आणि आज्ञेत बसते असे ठरवून तो निघून गेला.

कुवला पाया पडू लागली, पण बोधिसत्त्वांनी कुत्रा घरी नेऊ दिला नाही. हाडाने एवढेच सिद्ध होते की हाड होते, असे ते म्हणाले. हाड अडकलेले कुत्रे पिसाळूच नये, असा काही नियम नाही. दहा दिवस मोजायचे.

ते दहा दिवस धृतिसेन कापशाच्या पिंजऱ्यासमोर बसून राहिला. कुत्रा झोपला तर त्याला वाटे की गळाठला. जागा राहिला तर वाटे की झोप उडाली. रोज पहाटे तो स्वतःची परीक्षा घेई. वाडगे भरी, उचली, एक घोट घेई. सातव्या पहाटे घोट गिळला जाईना, त्याने तो थुंकून टाकला. घसा आवळला. हात कापू लागला तसे वाडग्यातले पाणी हलू लागले, आणि ते हलताना पाहून घसा आणखी आवळला. तेल्याचे किंचाळणे आता त्याच्याच छातीत कुठेतरी तयार होत होते.

बोधिसत्त्व त्याच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी त्याच वाडग्यातून एक घोट घेतला आणि थोडा वेळ थांबून तो गिळला. मग ओरखड्याचे बोट त्याच्यापुढे धरले.

“मीही रोज पिऊन पाहतो,” ते म्हणाले. “तुझ्या आधी उठतो, एवढेच. परवा माझाही अडकला होता.”

“मग काय केलेत?”

“दुसरा घोट घेतला.”

धृतिसेनाने वाडगे उचलून पुन्हा घोट घेतला. मग त्याला हसू फुटले, पाणी नाकातून आले, ठसका लागला, आणि उरलेला घोट त्या गडबडीत केव्हा खाली उतरला हे त्याला कळलेच नाही.

अकराव्या दिवशी पिंजरा उघडला. कापशाने पहिले काम केले ते धृतिसेनाची भाकरी पळवण्याचे. धृतिसेन मागे धावला नाही. जमिनीवर बसून तो आधी रडला, आणि मग शिळा पुसायला गेला.

राजसभेने पुढे वाडग्याची आज्ञा मागे घेतली. ती चुकली असे कोणी म्हणाले नाही; उन्हाळा आला होता आणि सगळीच कुत्री उत्तीर्ण होऊ लागली होती. पिंजरा उघडला त्या दिवशी मात्र शिळा पुसताना धृतिसेनाचे फडके ‘प्राण्यास’ या अक्षरांवर थांबले होते. इतकी वर्षे ती अक्षरे तो पुसत आला होता. आपणही प्राणीच आहोत आणि याच दारातून आत येतो, हे त्याच्या तेव्हा प्रथमच ध्यानात आले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही हकिकत एका भिक्षूसाठी सांगितली. आजारी सोबत्याची शुश्रूषा करताना त्याचे हात कापत आणि त्याला त्याची लाज वाटे. सांगून झाल्यावर शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा धृतिसेन म्हणजे हाच, हात कापणारा भिक्षू. तेव्हाचा कापशा म्हणजे आज अंथरुणावर असलेला याचा सोबती. पाणी पाजताना त्याने तेव्हाही त्रास दिला होता. कुवला आज विहारातली मडकी भरून ठेवणारी उपासिका आहे. त्या जन्मीचा वैद्य मी होतो.” उग्रकाचे कोणी विचारले, तेव्हा शास्ते म्हणाले की तो प्रत्येक जन्मी भेटतो, त्याला वेगळे दाखवायला नको.

ज्याला भीती वाटत नाही त्याच्याजवळ देण्यासारखे अभय नसते. स्वतः कापत असताना दुसऱ्याला दिलेला आधार, यालाच अभयदान म्हणतात.