नेमाची बेगमी

नदीकाठच्या एका गावात मथुरा नावाची एक सून होती. घर साळ्यांचं. नवरा मागावर लुगडी विणी आणि ती त्याला सुताच्या कांड्या भरून देई. हाताला भारी उरक. वर्षाचे पापड, कुरडया, तिखट, सगळी बेगमी तिची उन्हाळ्यातच झालेली असे.

तिच्या सासूबाईंचा चातुर्मासाचा नेम होता. रोज सकाळी तुळशीपुढे रांगोळीने तेहतीस गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, काढायची. व्रत पाच वर्षांचं आणि हे शेवटचं वर्ष. पण यंदा म्हातारीचा हात थरथरू लागला, धड उठवेना. त्या म्हणाल्या, "मथुरे, आता तू काढ. मला नुसती अंगणात आणून बसव. हा नेम पुरा झालेला बघायचाय, एवढीच आस उरलीय."

मथुरेने मान डोलावली. पण श्रावणात लुगड्यांना मागणी आली, कांड्या पुरेनात. तिला वाटलं, पापडांची बेगमी होते, तर नेमाची का होऊ नये? एका दुपारी उघडीप होती आणि सासूबाई झोपल्या होत्या. तिने अंगणभर पावलं काढून टाकली. आठवडा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी ती सासूबाईंना न्यायला गेली नाही. शेवटी त्या स्वतःच भिंत धरत बाहेर आल्या. अंगण बघून म्हणाल्या, "एवढी गुरं कुठून आली ग?"

"आठवड्याचा नेम उरकला, आत्याबाई. आता तुम्हाला रोज उठायचा त्रास नाही."

म्हातारी उंबऱ्यावर टेकली. "मग आठवड्याचे घासही आत्ताच भरव मला. तुझा तेवढाही वेळ वाचेल."

मथुरा हातातली कांडी ठेवून जवळ आली.

"दिवसाकाठी एवढाच वेळ मी उजेडात बसते, तुझ्याशी चार शब्द बोलते. नेमका तोच उरकलास. माझ्या वाट्याला किती सकाळी उरल्यात, ते देव जाणे. त्यातली एकही मला शिळी नको."

मथुरेने पदर खोचला. शेण कालवून सगळं अंगण सारवून काढलं. मग सासूबाईंना शेजारी बसवून सावकाश तेहतीस पावलं काढली, फक्त त्या दिवसाची.

त्यानंतर तिने एक खाडा होऊ दिला नाही. पावसाची झड लागली तर तुळशीपुढे घोंगडं ताणून पावलं काढली. अंगात ताप होता तेव्हा बसूनच काढली. नवरा कुरकुरला, तेव्हा म्हणाली, "कांड्या दुपारी भरीन. सकाळ काही दुपारी मिळत नाही."

कार्तिकात उद्यापनाचा दिवस उजाडला. शेवटचं एक पाऊल उरलं, तशी मथुरा थांबली आणि रांगोळी सासूबाईंच्या चिमटीत दिली. त्यांनी काढलेलं पाऊल वाकडं उमटलं.

"ही गाय लंगडी दिसते ग," सासूबाई हसल्या.

"असू दे, आत्याबाई. पण पोचली."

तात्पर्य: दिवसांची बेगमी करता येत नाही. जो दिवस आज दारी आला आहे, तो आजच मन लावून जगावा आणि आपल्या माणसांना त्यात शेजारी बसवून घ्यावं.