रिसाईच्या कपारीतली घोंगडीची अस्वलं

वाकून या, वरचा दगड डोक्याला लागतो. डोळे जरा अंधाराला सरावले की दिसतील. दगडाच्या फळीवर, खालच्या खाचांत, पार आतल्या कोपऱ्यापर्यंत बसलेली ही अस्वलं बहुतेक घोंगडीची आहेत. काळी लोकर, मळकट पांढरं तोंड, छातीवर पांढरी कोर. आमच्या मोहदरीत अस्वलाला रीस म्हणतात, म्हणून ही रिसाईची कपार. शेंदूर फासलेला देव इथे शोधू नका, सापडणार नाही. मी येमाजी हटकर. कपार झाडायचं काम माझ्याकडे आहे. बाहुल्या जमवणारी माणसं लांबून येतात, एखादी द्या म्हणतात. मी त्यांना बसवतो आणि धुरपताची गोष्ट सांगतो. त्यानंतर सहसा कुणी मागत नाही.

फार मागची गोष्ट. धुरपता ही मेंढपाळाघरची सून, नवऱ्याचं नाव रायाजी. तो मेंढरं राखायचा, ही लोकर कातायची. तिच्या हाताला म्हणे अशी सफाई होती की उरल्यासुरल्या लोकरीतून ती घोडे, मेंढरं, नवरानवरी असं काहीही उभं करायची. गावातलं एकही पोर तिच्या बाहुलीवाचून वाढलं नाही, असं सांगतात.

एका चैत्रात रायाजी मोहाची फुलं वेचायला नाल्यापलीकडे गेला. ती फुलं माणसाला आवडतात तशी रिसालाही आवडतात. झाडाखाली एक रीस आधीच आली होती, पाठीवर पिल्लू घेऊन. एरवी रीस माणसाचा वास आला की वाट सोडते. पिल्लू असलं तर सोडत नाही. रायाजीला खाटेवर घालून घरी आणलं, पण तो वाचला नाही.

गाव पेटलं. भाले-कुऱ्हाडी घेऊन माणसं गेली आणि रिसीला मारून आली. मेलेल्या आईच्या पाठीवरचे केस पिल्लू सोडेना. शेवटी त्याचे पंजे उकलून त्याला ओढून काढलं आणि चावडीपुढे खुंटाला बांधलं. ते दिवसभर ओरडायचं. बकरीचं दूध पुढे ठेवलं तरी तोंड लावत नव्हतं. पाटील म्हणाले, “बाजाराला दरवेशी येईल, त्याला देऊन टाकू. वेसण घालून नाचवील.”

धुरपताला घरात बसून ते ओरडणं ऐकू यायचं. आधी तिला संतापच आला म्हणे. कानांत लोकरीचे बोळे घालून ती बसून राहिली. मग एका दुपारी उठली आणि चावडीपुढे जाऊन उभी राहिली. पिल्लू त्या खुंटावरच चढू पाहत होतं. घसरत होतं, पुन्हा पंजे रोवत होतं. धुरपता बराच वेळ बघत राहिली. आईच्या पाठीवर वाढणारं लेकरू ते. पाठच गेली, मग ते दूध कुठे बसून पिणार?

घरी येऊन तिनं रायाजीचं घोंगडं काढलं. सासू भागाई दारात आडवी झाली.

“काय करून राहिली तू?”

“त्याले माय करून देते, आत्याबाई.”

“माह्या लेकाचं घोंगडं कापून? ज्या जनावरानं त्याले मारलं, त्याच्या पिल्लासाठी?”

धुरपतानं हातातलं दाभण खाली ठेवलं. “तुमचा लेक गेला तं तुम्ही रडता. त्याची माय गेली तं ते रडते. मले दोन्ही रडणं ऐकू येते, आत्याबाई. तुमचं काही मले थांबवता येत नाही.”

भागाई भिंतीकडे तोंड करून निजली. शिवण संपेपर्यंत ती सुनेशी बोलली नाही.

धुरपतानं घोंगडं बेतलं. आत लोकर भरली आणि वासासाठी वाळलेली मोहाची फुलं. पाठीवर न कातलेल्या लोकरीचे लांब झुपके एकेक करून टाचले, पिल्लाच्या पंजांना धरायला मिळावं म्हणून. छातीवर पांढऱ्या कोकराच्या लोकरीची कोर बसवली. काम इतकं हुबेहूब झालं की ते दारात ठेवल्यावर कुत्री भुंकायला लागली, असं म्हणतात.

ती चावडीपुढे घेऊन गेली. पिल्लू धावत आलं, त्यानं वास घेतला, ढुशी दिली. लोकरीची आई हलली नाही. पिल्लानं तोंड फिरवलं आणि पुन्हा ओरडायला लागलं.

जमलेली माणसं हसली. धुरपतानं कुणाकडे पाहिलं नाही. तिनं ते अस्वल स्वतःच्या पाठीवर बांधलं, पदर खोचला आणि भर चावडीपुढे हातापायांवर रांगायला लागली. नवरा गेलेली बाई, धुळीत चार पायांवर. हसणं थांबलं. पिल्लू बघत राहिलं, तिच्या मागून दोन पावलं चाललं, आणि एकदम झेप घेऊन चढलं. झुपक्यांत पंजे रुतवून त्यानं तोंड लोकरीत खुपसलं. ओरडणं थांबलं. धुरपता रांगतच दुधाच्या वाडग्यापाशी गेली, तेव्हा पाठीवरूनच मान लांबवून ते दूध प्यायलं.

गर्दीत मागे भागाई उभी होती. ती पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता सुनेला ओढून नेणार. ती वाकली, लोकरीच्या अस्वलाचा कान चाचपला आणि म्हणाली, “कान लहान झाले. रिसीचे कान मोठे असतात, झुपकेदार. घरी चाल, मी शिवून देते.”

दरवेशी आला तसा रिकाम्या हातानं परत गेला. पुढचे दोन पावसाळे धुरपता ते ओझं पाठीवर घेऊन रानात जात राहिली. वारुळं दाखवली, मधाची पोळी दाखवली, जांभळाखाली नेलं. पिल्लू मोठं झालं, पाठीवरून उतरून चालू लागलं आणि एक दिवस मागे वळलं नाही. धुरपता परतताना या कपारीशी थांबली, पाठीवरचं अस्वल सोडलं आणि इथे ठेवलं. रायाजीसाठी ती मोकळेपणानं रडली ती त्या दिवशी, असं जुनी माणसं सांगत.

ते पहिलं अस्वल आता राहिलेलं नाही. लोकर विरली, इथल्याच मातीत मिसळली. पण त्यानंतर गावात कुणी वारलं की त्या माणसाच्या घोंगडीचं अस्वल शिवून इथे बसवायची रीत पडली. शरीर कुणीही शिवावं, कान घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं. हल्ली घोंगड्या कमी झाल्या. ते खाकी दिसतं ना, ते आमच्या गावच्या एसटी कंडक्टरच्या कोटाचं. ते जांभळं एका मास्तरीणबाईंच्या स्वेटरचं. आता सांगा, यातलं कुठलं देऊ तुम्हाला?

धुरपतानंतर नाल्यापलीकडे रिसानं मोहदरीच्या माणसाला इजा केली नाही म्हणतात. आजही चैत्रात आमच्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या की नाल्याच्या काठावर थांबतात आणि रानाकडे तोंड करून रिसीला हाक देतात, “बाई, आम्ही येऊन राहिलो गं! लेकरू पाठीवर घे!” मग टोपल्या खाली ठेवून गप्प उभ्या राहतात. पलीकडे पाचोळा वाजला तर तो थांबेपर्यंत कुणी पाण्यात पाय घालत नाही. आधी तिनं जायचं, मग आम्ही.