चौथा खांदा

तिवेस नगरीचं सांडपाणी तटातल्या मोरीतून जिथे खाडीत पडतं, तिथे काठावर ओढून ठेवलेल्या एका मोडक्या पडावाच्या आडोशाला श्रीकाठनाथ महाराजांचा मुक्काम असे. नगरीत धर्मशाळांना तोटा नव्हता. सावकार पालखी घेऊन बोलवायला येत. महाराज हलत नसत. कोणी कारण विचारलंच तर म्हणत, "या वाटेने जाणाऱ्यांना हात जोडायला कोणीतरी हवं ना, बाबांनो."

ती वाट कोणाची, ते आधी सांगायला हवं. तिवेस तीनदा जिंकली गेली. मूळचे लोक खाडीकर. मग घाट उतरून घोडेस्वार आले, त्यांचे घाटवळे झाले. त्यानंतर समुद्रावरून उंच शिडांची जहाजं आली, त्यांचे शिडवाले. जो आला त्याने आपला देव आणला, आपली पेठ वसवली आणि तटाला आपली वेस पाडली. मिरी आणि रेशीम घेताना कोणी कोणाला कुळ विचारत नसे. माणूस मेला की मात्र विचारत! मढं ज्याच्या त्याच्या वेशीतूनच बाहेर जाई. तिरडी आली की वेसकर तीनदा विचारी, "कोणाचा?" आणि त्या वेशीच्या लोकांतला एकजण पुढे होऊन म्हणे, "आमचा." तीन खांदे घरचे, चौथा खांदा त्या 'आमचा' म्हणणाऱ्याचा. तेवढं झालं की माती मिळे.

आणि ज्यांची आई एका वेशीची, बाप दुसऱ्या वेशीचा? अशांनी अर्धी नगरी भरली होती. त्यांना म्हणत बेवशी. त्यांच्यासाठी कोणी 'आमचा' म्हणत नसे. ओहोटी लागली की त्यांचे मृतदेह त्या मोरीतून खाडीत सोडून देत.

घाटवेशीचा वेसकर होता रुद्राजी. वेसकरकी त्याच्या घरात सात पिढ्यांची. माणूस खोटा नव्हता, लाच कधी घेतली नाही, पण दगडासारखा झाला होता. तीन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता मुलगा कुसाजी जहाजासकट बुडाला. प्रेत हाती लागलं नाही. प्रेत नाही म्हणून तिरडी नाही, तिरडी नाही म्हणून प्रश्न नाही, असा वेशीचा नियम. रुद्राजीने स्वतःच्या मुलासाठीसुद्धा तो वाकवला नाही. बायको रडली, भावकीने समजावलं. तो म्हणाला, "नियम तो नियम." त्यानंतर त्याच्या तोंडून गोड शब्द कोणी ऐकला नाही.

महाराजांवर त्याचा विशेष राग. बयजा नावाची एक बेवशी बाई रोज सकाळी महाराजांची जागा झाडून जाई. तिचा नवरा खाडीवरची तर, म्हणजे माणसं पार नेणारी नाव, चालवायचा, तिन्ही वेशींची माणसं खाडीपार न्यायचा. ती वेशीवरून जाऊ लागली की रुद्राजी हटकून बोले, "काय गं, तुझ्या त्या काठावरच्या बाबाला विचारलंस का त्याची वेस कोणती? की तोही मोरीतूनच जायचा?" पहारेकरी खिदळत. बयजा खाली मान घालून निघून जाई.

त्या भाद्रपदात एका जहाजातून ताप आला. आभाळ रोज भरून येई, पण पावसाचा थेंब पडत नसे. पेठा ओस पडल्या. बयजाचा नवरा आजाऱ्यांना तरीतून पैलतीरी पोचवत राहिला आणि पाचव्या दिवशी स्वतःच पडला. जाताना एवढंच म्हणाला, "जन्म पाण्यावर गेला गं. आता पाण्यात नको टाकू मला."

बयजा खाडीवेशीला गेली. 'कोणाचा?' तीनदा विचारलं गेलं, कोणी बोललं नाही. शिडवेशीलाही तेच. तापाचं मढं सूर्यास्तानंतर तटाच्या आत ठेवायचं नाही, असा हुकूम होता. ऊन भिंतीवर चढलं तशी ती महाराजांपुढे येऊन बसली. रडण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

"महाराज, मोरीचे लोक दोर घेऊन येऊन बसलेत. काय करू?"

महाराज उठून उभे राहिले. मग म्हणाले, "घाटवेशीला चल. मीही येतो."

"तिथे रुद्राजी आहे, महाराज. तो नाही सोडायचा."

"म्हणूनच," महाराज म्हणाले.

रुद्राजीने लांबूनच पाहिलं. तिघे नावाडी कशीबशी तिरडी सावरत होते, चौथा कोपरा बयजाने धरला होता, आणि पुढे महाराज. त्याच्या कपाळाची शीर उडाली.

"बाबा, आता मढ्यांची दलाली सुरू केलीत का?" तो ओरडला. "दोन वेशी फिरून आलात, कळलंय मला. इथे कोण उभं राहणार आहे?"

महाराज शांतपणे म्हणाले, "ते तू विचारल्याशिवाय कसं कळणार? विचारणं तुझं काम आहे, रुद्राजी. ते कर."

तिरडी दारात आली की प्रश्न विचारावाच लागतो. भोवती घाटवळ्यांची पन्नास-साठ माणसं जमली होती. रुद्राजीने काठी उंबरठ्यावर आपटली.

"कोणाचा?"

कोणी हललं नाही.

"कोणाचा?"

एक म्हातारा चुळबुळला. त्याला या नावाड्याने कित्येकदा पार नेलं होतं. पण शेजाऱ्याने डोळे वटारले आणि तो गप्प झाला. बयजाने पदर तोंडात धरला. रुद्राजीला आत कुठेतरी बरं वाटलं, हे लपवायचं कशाला?

तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलं आणि शब्द निघतानाच वाऱ्याने मढ्याच्या तोंडावरचं कापड उडालं.

तिरडीवर कुसाजी होता.

तेच रुंद कपाळ, भुवईवर तीच घोड्याने लाथ मारल्याची खूण. केस ओले, कानात वाळू. तीन वर्षं जे तोंड रोज डोळ्यांपुढे यायचं आणि ज्याला कधी हात लावता आला नाही, ते हातभर अंतरावर होतं. रुद्राजीच्या हातातली काठी गळून पडली.

"आमचा," तो म्हणाला. आणि मग छाती फुटल्यासारखा, "आमचा! माझा आहे तो!"

सगळी वेस ऐकत होती. रुद्राजी तिरडीवर वाकला. गालाला हात लावला, तर हाताखाली दाढीचे पांढरे खुंट आणि उन्हाने रापलेली कातडी. कोणा परक्या नावाड्याचं तोंड. इतरांना तर पहिल्यापासून तेच दिसत होतं.

तो ताठ झाला. लाजेने, संतापाने महाराजांकडे वळला. "हे काय केलंत तुम्ही?"

"मी काय करणार?" महाराज म्हणाले. "विचारलंस तू. सांगितलंसही तूच."

"शब्द चुकून गेला माझा!"

वेशीत उच्चारलेला शब्द फिरत नाही, हे रुद्राजीनेच आजवर कितीजणांना ऐकवलं होतं. त्याने लोकांकडे पाहिलं. काहींनी नजर चुकवली. मावळतीचं ऊन कमानीच्या टोकाला पोचलं होतं.

बयजा हळूच म्हणाली, "राहू द्या, दादा. तुम्हाला जड जात असेल तर मी नेते मोरीकडे."

तिने टोमणा मारला असता तर कदाचित तो मागे फिरला असता. पण तिच्या बोलण्यात खरीच काळजी होती. रुद्राजीने पागोटं काढून उंबरठ्यावर ठेवलं, तिच्या हातून चौथा कोपरा घेतला आणि खांद्यावर चढवला.

घाटवळ्यांची दफनभूमी वेशीपासून अर्ध्या कोसावर. बांबू खांद्यात रुतत होता. मुलाचं ओझं एकदा तरी या खांद्यावर यावं म्हणून तीन वर्षं तो मनात जळत होता, आणि आज ते ओझं आलं होतं, दुसऱ्या कोणाचं. डोळ्यांतून धारा लागल्या तरी हात मोकळा नव्हता, त्यामुळे पुसताही येईनात.

खड्ड्यापाशी तो महाराजांजवळ आला. "महाराज," प्रथमच त्याने तसं म्हटलं, "मघाशी मला दिसलं ते तोंड कोणाचं होतं?"

"माती न मिळालेल्याचं," महाराज म्हणाले.

देह खाली उतरवला. आता एकच विधी उरला. ज्याने 'आमचा' म्हटलं, त्याने गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून मृताचं नाव मातीला सांगायचं. त्याशिवाय माती लोटत नाहीत. रुद्राजी गुडघ्यांवर बसला आणि तसाच थिजला. वीस वर्षं हा माणूस त्याच्या डोळ्यांदेखत तर चालवत होता. त्याच्याच तरीतून कुसाजी लहानपणी यात्रेला गेला होता. आणि त्याचं नाव रुद्राजीला ठाऊक नव्हतं.

त्याने हात जोडले. ते महाराजांपुढे नव्हे, खड्ड्यापलीकडे उभ्या असलेल्या बयजापुढे.

"वहिनी," तो म्हणाला, "माफ करा मला. नाव काय हो यांचं?"

"सुभाना," बयजा म्हणाली.

तेव्हा सात पिढ्यांच्या त्या वेसकराने सर्वांदेखत कपाळ मातीत टेकलं आणि म्हणाला, "माते, हा सुभाना. आमचा आहे. याला घे."