कुमुदचे कोरे हात

"...मग ती घास का उचलत नाही, बाबा?"

उमराणीकर मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. सोनबा कुंभार गेरू कालवत राहिले. अडल्यानडल्याला गाव त्यांच्याकडेच यायचं. मास्तर मात्र आज पहिल्यांदा आले होते, तेही सगळे डॉक्टर करून झाल्यावर.

"कवापासनं?"

"चार महिने झाले. पाटीला हात लावत नाही, भाकरीला लावत नाही. आई भरवते तेवढंच खाते. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही."

"काय केलं व्हतं पोरीनं?"

"भिंतीवर हळदकुंकू कालवून फासलं होतं. शिस्त नको का? छडीचे दोन फटके दिले हातावर."

सोनबांनी मान वर करून मास्तरांच्या हातांकडे पाहिलं.

"...दहा-बारा असतील," मास्तर म्हणाले.

अंगणात कुंभारवाड्याची पाच-सहा पोरं चिखलात बसली होती. कुणी गेरूचे पंजे उठवत होतं, कुणी पाल्याचा हिरवा रस एकमेकांच्या पोटाला चोळत होतं. मास्तरांची चार वर्षांची कुमुद लांब दगडावर उभी होती. मास्तरांची नजर वळताच तिने दोन्ही हात पुढे केले. आधी पालथे, मग उताणे. स्वच्छ होते.

"सवय मात्र चांगली लागली," मास्तर बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

सोनबांनी गेरूची परात त्यांच्यापुढे सरकवली.

"घाला हात."

"मी?"

"पोर कुणाचं बघून शिकती?"

मास्तरांनी बाह्या सारल्या. मुलीसाठी माणूस काय करत नाही? कोपरापर्यंत लाल झालेले हात त्यांनी वर धरले.

"बघ कुमे, काही होत नाही. ये."

कुमुद दगडावरून उतरली.

चार महिन्यांत ती आपणहून कुठे गेली नव्हती.

ती त्यांच्यापाशी आली नाही. भट्टीजवळच्या सरपणाशी गेली. एक काटकी उचलली, वाकवून पाहिली, टाकून दिली. दुसरी बारीक होती, लवत होती. ती तिने नेऊन सोनबांच्या हातात दिली.

मग तोंड फिरवून डोळे मिटून घेतले.

चार महिन्यांत तिने पहिल्यांदाच काही हातात घेतलं होतं.

चिखलातली पोरं उभी राहून बघू लागली.

"बाबा... तिला समजावा ना. खेळ होता हा."

सोनबांनी काटकी हातात पारखली.

"बाबा, पोरांच्या देखत?"

बोलता बोलता मास्तरांचे हात धोतराकडे गेले.

सोनबा छडी घेऊन उठले.

"पुसू नका, मास्तर. फुडं करा."