एकदाच वाचलेला इतिहास

दत्ताराम शिवराम पेडणेकर, वय वर्षे अठ्ठावन्न, बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज घेऊन शाळेत उभे होते. मुदत त्याच दिवशी संपत होती. स्वतः इतिहास शिकवणारे मुख्याध्यापक कर्णिक सही करीनात.

"आमची मुले इतिहास दहादा वाचतात. तुम्ही?"

"एकदाच, साहेब. मग पुस्तक मिटून दहादा आठवला."

"या वयात काय डोंबल आठवणार? सांगा पाहू, सत्तावनच्या उठावाची कारणे!"

दत्तारामांनी सहा कारणे क्रमाने सांगितली. ती पडताळण्यासाठी कर्णिकांनी घाईघाईने पुस्तक उघडले.

"साहेब, परीक्षा माझी आहे ना?" दत्ताराम नम्रपणे म्हणाले, "मग पुस्तक आपल्याला का लागले?"

कर्णिकांनी पुस्तक मिटून सही केली. त्यानंतर ते रोज घरून धडा वाचूनच वर्गावर जाऊ लागले.