कुंपणावरची शिंपीण

त्या राज्यात न्याय मिळत असे. मात्र गाऱ्हाणं पानांवर टोचून, ती पानं नीट शिवून आणावी लागत. नुसतं तोंडाने रडणाऱ्याची तिथे डाळ शिजत नसे. न्यायासनावर एक वयोवृद्ध कासव बसे. त्याने मान बाहेर काढली की कामकाज सुरू आणि मान आत घेतली की पुढची तारीख. ती मान पुन्हा कधी बाहेर येईल, हे खुद्द कासवालाही ठाऊक नसे.

कासवापुढे बोलण्याचा अधिकार दोघांनाच होता: ज्याचं गाऱ्हाणं त्याला, आणि डोमकावळ्यांना. कावळे मुळातच काळे, आवाज खणखणीत, त्यामुळे ते काम त्यांना शोभतही असे. पानांच्या गठ्ठ्यावर कावळा आपलं एक पीस खोवी आणि मग तो गठ्ठा त्याचा होई. पण पानं निवडणं, त्यांवर अक्षरं टोचणं, कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवून ती शिवणं, हे जाड चोचीचं काम नव्हे. ते शिंपी पक्षी करत. सुनावणीच्या वेळी शिंप्यांनी सभेबाहेरच्या काटेरी कुंपणावर बसावं, ऐकावं, पण ब्र काढू नये, असा नियम होता. कुंपणावरून कुणी बोललं, तर ज्या गाऱ्हाण्यासाठी बोललं ते तिथल्या तिथे बाद होई.

बहुतेक शिंपी एकेका कावळ्याच्या घरट्याखाली राहत. एक शिंपीण मात्र तशी राहिली नाही. एका म्हाताऱ्या कावळ्याकडे चार वर्षं काढल्यावर तिने एके सकाळी सांगून टाकलं, "अण्णा, आता मी माझ्या फांदीवर बसून शिवीन. काम असेल तर पाठवत जा."

"अगं, उपाशी मरशील!" अण्णा म्हणाले.

ती मेली वगैरे नाही. तिचा टाका बारीक होता आणि पान कधी फाटत नसे. पाच कावळ्यांकडून कामं येऊ लागली, त्यांत अण्णाही आले. स्वतःची फांदी, स्वतःची सकाळ आणि मन नसेल तर नाही म्हणायची मुभा तिला मिळाली. त्याचा तिला अभिमान होता, खोटं कशाला बोला! फक्त एखादा टाका फार मनासारखा पडला की "बघ गं" म्हणायला शेजारी कुणी नसे. आणि एक इच्छा होती, ती काही केल्या जात नव्हती. आपण टोचलेलं वाक्य एकदा, एकदाच, कासवासमोर आपल्या तोंडाने म्हणावं आणि सभेत कुणीतरी विचारावं, ही कोण? ही इच्छा तिने कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर बाकीचे शिंपी खो खो हसले असते.

एकदा अण्णांनी तिच्याकडे एक टिटवी पाठवली. नदीकाठच्या वाळूत टिटवीची चार अंडी होती आणि त्याच वाळूतून म्हशींना डुंबायला नवी वाट हवी होती. म्हशींचं म्हणणं, ही टिटवी परवा-तेरवा आलेली, हिचा हक्क कसला?

अण्णांनी गंमत केली होती, "टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, पण त्यालाही आधी पानं लागतात."

टिटवीला हसू आलं नाही. "बाई," ती शिंपिणीला म्हणाली, "माझी आई तिथलीच, तिची आई तिथलीच. पण आम्ही काडीचं घरटंसुद्धा बांधत नाही. वाळूवर खूण राहत नाही. दाखवू काय?"

दुसरी कुणी शिंपीण असती तर ऐकलं तेवढं टोचून मोकळी झाली असती. ही उठली आणि नदीवर गेली. टिटवीला सोबत घेऊन तिने अंड्यांपासून हातभर लांब वाळू उकरली. वरच्या थरात अंड्यांची फुटकी कवचं निघाली. त्याखाली आणखी. त्याखाली आणखी, पिवळी पडलेली. असे सात थर निघाले. टिटवी बघतच राहिली. आपल्या पणजीला पाहिल्यासारखी ती त्या खालच्या तुकड्याकडे पाहत होती.

शिंपिणीने प्रत्येक थराचं एक कवच एकेका पानावर शिवलं. वाळूत जसे थर होते तसाच क्रम ठेवला: नवं वर, जुनं खाली. शिवता शिवता तिला त्या चार अंड्यांचा असा लळा लागला की ती रोज सकाळी नदीवर चक्कर मारून येई. गठ्ठा पोचवताना ती अण्णांना म्हणाली, "अण्णा, एवढा एकदा वाचून जा हं."

"तुझं शिवलेलं कधी वाचावं लागलंय का?" अण्णांनी पीस खोवलं आणि गठ्ठा काखेत मारला. स्तुतीच होती ती, पण घात तिथेच झाला.

सुनावणीला टिटवी सभेच्या मधोमध उभी राहिली, शिंपीण कुंपणावर. अण्णांनी छाती फुगवली, गठ्ठा उघडला आणि पहिल्याच पानावर चोच ठेवून गरजले, "महाराज, हे पाहा सर्वांत जुनं कवच!"

शिंपीण कुंपणाच्या टोकापर्यंत पुढे सरकली. कावळ्यांच्या लेखी पहिलं पान म्हणजे पहिली गोष्ट. वाळूत तसं नसतं.

म्हशींचा कावळा टुणकन पुढे आला. "महाराज, या कवचाच्या आत अजून ओली साल आहे. सर्वांत जुनं हे असेल, तर टिटवीबाई गेल्याच वर्षी आल्या म्हणायच्या!"

सभेत खसखस पिकली. अण्णा पानं उलटसुलट करू लागले, घसा खाकरू लागले. कासवाची मान हळूहळू आत सरकू लागली. ती आत गेली असती तर अंडी फुटायच्या आत बाहेर आली नसती, आणि म्हशी तर आजच नदीच्या वाटेला लागल्या असत्या.

 टिटवी गर्रकन वळली आणि कुंपणाकडे पाहून ओरडली, "बाई, तूच सांग ना गं!"

कासवाची मान थांबली. मग बाहेर आली, आजवर आली नव्हती इतकी. "कुंपणावर कोण आहे?" त्याने विचारलं.

सगळी सभा वळून पाहू लागली. शिंपिणीने किती वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली होती! उत्तर तर जिभेवर होतं: नाव, फांदी, सात थर, सगळं. तिने चोच उघडली. टिटवीच्या पोटाच्या पिसांना अजून वाळू चिकटलेली होती. पहाटे अंड्यांवरून उठून ती तशीच आली होती. ती वाळू शिंपिणीला दिसली आणि तिने चोच मिटली. शेजारचं एक रुंद पान ओढून तिने स्वतःभोवती दुमडून घेतलं.

"वारा असेल, महाराज," अण्णा खाली मान घालून म्हणाले.

टिटवी त्या पानाकडे बघत राहिली. मग ती कासवाकडे वळली. 

"महाराज, मला यांच्यासारखं बोलता येत नाही. पण वाळू खालून वर साठत जाते. वरचं कवच ओलं आहे, कारण ते गेल्या वर्षी माझ्या लेकराने फोडलं. त्याच्याखाली माझं कवच आहे, मी त्यातून आले. त्याच्याखाली माझ्या आईचं. तुम्ही शेवटचं पान बघा ना."

कासवाने गठ्ठा उलटा केला. शेवटच्या पानावरचं पिवळं कवच त्याने नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं.

"वाळू टिटवीची," ते म्हणालं. "म्हशींनी वाट दुसरीकडून काढावी. कारण याच पानावर लिहिलेलं आहे, तेच वाचतो."

ते वाक्य जुळेपर्यंत शिंपिणीने तीन पानं फाडली होती. कासव आपल्या संथ, जड आवाजात वाचू लागलं, "या वाळूत टिटवीची पावलं दिसत नाहीत, कारण वारा ती पुसतो. वाऱ्याला जे पुसता आलं नाही, ते सोबत जोडलं आहे."

एकेका शब्दावर ते थांबत होतं. सभा कानांत प्राण आणून ऐकत होती. अण्णांनी पुन्हा छाती फुगवली होती, टिटवी रडत होती. कुंपणाकडे कुणी पाहिलं असतं तर दिसलं असतं: एक दुमडलेलं पान आणि त्याच्या फटीत, कासवाच्या प्रत्येक शब्दाच्या किंचित आधी, आवाज न करता हलणारी एक चोच.